आधी किनारा, मग महिना, मग हॉटेल

भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर सहकुटुंब आठवडाभर राहायचं ठरलं, की बहुतेक घरांत पहिल्यांदा हॉटेलांचे फोटो पाहिले जातात. निळा पोहण्याचा तलाव, पांढऱ्या छत्र्या, बाल्कनीतून दिसणारं पाणी. फोटो सगळीकडचे सारखेच सुंदर असतात, म्हणूनच त्यांवरून निवड होत नाही. खरा फरक असतो तो समुद्राच्या तळात, वाऱ्यात आणि पाण्याच्या तापमानात. एकाच बेटाच्या दोन बाजूंना या तिन्ही गोष्टी अगदी वेगळ्या असू शकतात. चार वर्षांच्या नातीला पाण्यात मनसोक्त डुंबता येईल का आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला वाळूपर्यंत चालत जाता येईल का, हे त्यांवरच ठरतं. म्हणून या प्रकरणात क्रम उलटा लावू या. आधी किनारा, मग महिना, आणि हॉटेल सगळ्यांत शेवटी. उदाहरण म्हणून स्पेनचं मायोर्का हे बेट घेऊ, कारण आज जगभर रुळलेली समुद्रकाठची कौटुंबिक सुट्टी ज्या मोजक्या ठिकाणी घडत गेली, त्यांत मायोर्काचं स्थान फार वरचं आहे.

तंबूंपासून सुरुवात

१९५० च्या उन्हाळ्यात जेरार ब्लिट्झ या बेल्जियन माणसाने मायोर्काच्या उत्तर किनाऱ्यावर, आल्कुदिया इथे, तंबू ठोकून सुट्टीचं एक गाव वसवलं. राहणं, जेवण आणि खेळ यांचे पैसे एकदाच भरायचे, मग आठवडाभर पाकिटाला हात लावायचा नाही, अशी ती कल्पना होती. ‘क्लब मेडिटेरानी’ची सुरुवात इथे झाली. त्याच वर्षी मे महिन्यात व्लादिमिर राइट्झ यांनी इंग्लंडहून भाड्याच्या डकोटा विमानाने कोर्सिका बेटावरच्या काल्व्ही गावी पर्यटक नेले. विमान, तंबूतला मुक्काम आणि जेवण मिळून दर होता ३२ पौंड १० शिलिंग. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, रेशनवर जगणाऱ्या साध्या पगारदार माणसांना ऊन आणि समुद्र पहिल्यांदाच परवडू लागले.

तंबूंच्या जागी पुढे हॉटेलं आली. आज बेटाची राजधानी पाल्मा इथल्या विमानतळावरून वर्षाला तीन कोटींहून अधिक प्रवासी ये-जा करतात. मुलांसाठी उथळ तलाव, संध्याकाळी लवकर मिळणारं जेवण, विमानतळावरून हॉटेलच्या दारात सोडणारी बस या सगळ्या सोयी मायोर्कावर सहज मिळतात, त्या सात दशकांच्या या सवयीमुळे. पण सोयी सगळीकडे मिळतात म्हणून किनारे सारखे होत नाहीत.

वीतभर भरतीचा समुद्र

कोकणच्या पुळणीवर वाढलेल्या माणसाला भूमध्य समुद्रात पहिलं नवल वाटतं ते भरती-ओहोटीचं. उधाणाच्या दिवशी मुंबईचं पाणी चार मीटरांहून जास्त चढतं. सकाळी जिथे मुलं किल्ला बांधतात तिथे दुपारी समुद्र असतो. मायोर्काच्या काठावर भरतीने पाणी जेमतेम वीतभर हलतं, आणि तेही सहसा लक्षात येत नाही. भूमध्य समुद्र आकाराने लहान, आणि अटलांटिक महासागराशी त्याचा संबंध जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर आहे. मोठ्या हौदाला करंगळीएवढी नळी जोडली, तर बाहेरच्या चढउताराने हौदातलं पाणी फारसं हलणार नाही, तसंच हे.

आईवडिलांसाठी याचा अर्थ सरळ आहे. सकाळी एकदा पाण्यात उतरून कुठे गुडघाभर आहे, कुठे कमरेएवढं आहे हे पाहून ठेवलं, की ती खोली संध्याकाळपर्यंत जवळपास तशीच राहते. छत्री पाण्यापासून पाच पावलांवर रोवली तरी चालते. मात्र भरती नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नये. इथल्या लाटा आणि प्रवाह वाऱ्यावर चालतात, आणि वारा घटकेत फिरतो.

एका बेटाचे चार किनारे

मायोर्काचं क्षेत्रफळ साधारण ३,६४० चौरस किलोमीटर आहे. आकाराने ते फार मोठं नाही, पण त्याच्या चार बाजू चार स्वभावांच्या आहेत.

उत्तरेला आल्कुदिया आणि पोयेन्सा हे दोन मोठे उपसागर आहेत. आल्कुदियाजवळची मुरोची पुळण काही किलोमीटर लांब आहे. वाळू बारीक आणि पाणी दूरवर उथळ. तीन ते आठ वयाची मुलं आणि पोहता न येणारे मोठे यांच्यासाठी बेटावर याहून चांगली जागा शोधणं कठीण. पुळणीच्या मागेच साल्बुफेरा ही पाणथळ जागा आहे. १९८८ पासून ती संरक्षित आहे आणि तिथल्या सपाट वाटांवरून आजी-आजोबांना बगळे आणि स्थलांतरित पक्षी पाहत सावकाश फिरता येतं. जवळच आल्कुदियाचं तटबंदीतलं जुनं गाव आणि पोलेन्तिया या रोमन शहराचे अवशेष आहेत. समुद्राचा कंटाळा आला, तर अर्धा दिवस तिथे छान जातो.

पूर्वेचा किनारा चुनखडीचा आहे. खडकांमध्ये आत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्या, तोंडाशी जेमतेम एक वाळूचा तुकडा आणि काचेसारखं पाणी. काला दॉर हे यांतलं नावाजलेलं गाव. इथे तळ पटकन खोल जातो आणि वाळूपर्यंत पोचायला अनेक ठिकाणी पायऱ्या उतराव्या लागतात. दहा-बारा वर्षांच्या, नीट पोहणाऱ्या मुलांना डोळ्यांवर चष्मा लावून मासे पाहायला ही जागा अप्रतिम. रांगत्या बाळासाठी मात्र नाही.

दक्षिणेला एस त्रेंक ही लांबलचक, जवळपास नैसर्गिक स्थितीत राहिलेली पुळण आहे. मागे वाळूच्या टेकड्या आणि मिठागरं, सावली अगदी कमी. सकाळी लवकर जाऊन अकरा-बाराच्या आत परतावं, अशी ही जागा.

पश्चिमेला सेरा दे त्रामुन्ताना ही डोंगररांग थेट समुद्रात उतरते. दगडी बांधांची उतरती शेतं आणि पाणी वाटून देणारे जुने पाट यांच्यासाठी युनेस्कोने २०११ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. इथे पायाखाली वाळूऐवजी गोटे असतात आणि रस्ते वळणांचे. लहान मुलं असतील तर मुक्कामासाठी नको, पण एक दिवस राखावाच. पाल्माहून सोयेर गावापर्यंत डोंगर पोखरून जाणारी रेल्वे १९१२ साली सुरू झाली आणि तिचे लाकडी डबे आजही धावतात. गाडी लागणाऱ्या मुलांसाठी वळणांच्या रस्त्यापेक्षा ती कितीतरी बरी.

नैर्ऋत्येच्या मागालुफ आणि पाल्माजवळच्या पुळणीचा काही भाग रात्रभर चालणाऱ्या दारूच्या गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या बेतालपणाला आवर घालायला, मायोर्का ज्या बालेआरिक बेटांपैकी एक आहे, तिथल्या सरकारने २०२० साली खास कायदा केला. स्वस्त दर पाहून घरची मंडळी तिथल्या हॉटेलात उतरवण्याआधी गल्लीचा नकाशा पाहावा.

मे महिन्याचा पेच

महाराष्ट्रातली शाळेची मोठी सुट्टी म्हणजे मे. मायोर्कात मे महिन्यात ऊन सुरेख असतं, फुलं असतात, गर्दी कमी असते. पण समुद्राचं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. हिवाळ्यात १४ अंशांपर्यंत उतरलेलं पाणी वर यायला महिने घेतं. अरबी समुद्राच्या कोमट पाण्याची सवय असलेलं मूल १८ अंशांच्या पाण्यात पाय घालतं आणि रडत मागे फिरतं. लहान अंगातली ऊबही मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते. म्हणून मे महिन्यात जायचंच असेल, तर आठवडा समुद्रात डुंबण्याचा धरू नये; चालणं, सायकल, गावं, गुहा यांचा धरावा आणि तापवलेल्या पाण्याचा तलाव असलेलं हॉटेल घ्यावं.

शाळा जूनच्या मध्याला सुरू होत असेल, तर जूनचा पहिला आठवडा-दीड आठवडा हा आपल्याकडच्या कुटुंबांसाठी सर्वांत चांगला. पाणी २१ अंशांकडे सरकलेलं असतं, दिवस मोठे असतात आणि युरोपातल्या शाळांची लांब सुट्टी अजून लागलेली नसते. जुलैमध्ये पाणी २४-२५ आणि ऑगस्टमध्ये २६ अंशांपर्यंत जातं. पण दर चढतात आणि पुळणीवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. शाळेचं बंधन नसलेल्यांनी, म्हणजे अगदी लहान मुलं किंवा निवृत्त आईवडील सोबत असलेल्यांनी, सप्टेंबर निवडावा. तेव्हा हवा उतरलेली असते आणि पाणी जवळपास ऑगस्टइतकंच उबदार.

दिवाळीच्या सुट्टीचा विचार मात्र जपून करावा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातही पाणी २२ अंशांच्या आसपास असतं, पण वर थंड हवा आली की उबदार समुद्रावरची वाफ काही तासांत प्रचंड पाऊस पाडते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी पूर्वेकडच्या सान्त योरेन्स गावात असाच पाऊस कोसळला, कोरडा ओढा नदीसारखा धावून आला आणि १३ माणसं गेली. त्या दिवसांत जाणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. हवामानखात्याचा इशारा रोज सकाळी पाहावा, आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी कधीच लावू नये. नोव्हेंबर लागला की समुद्रकाठची बरीच हॉटेलं बंदच होतात.

दिवस कसा लावायचा

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो. पाल्माच्या उपसागरात उन्हाळ्याच्या दिवसांत खारे वारे इतके नेमाने येतात, की शिडाच्या होड्यांच्या शर्यती त्यांच्या भरवशावर आखल्या जातात. सकाळी समुद्र आरशासारखा असतो, दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा उठतात. म्हणून लहान मुलांचं पाण्यातलं खेळणं सकाळी उरकावं.

उन्हाचा हिशेबही इथे वेगळा. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे लावलेलं आहे. उन्हाळ्यात मायोर्कात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, दुपारी पावणेदोन-दोनच्या सुमारास. त्यामुळे अतिनील किरणांचा सर्वांत कडक वेळ असतो साधारण बारा ते चार. आपण सावळे, आपल्याला ऊन लागत नाही, हा समज मुलांच्या पाठीला महागात पडतो. टोपी, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन ही तयारी हवीच. दुपारचे ते चार तास जेवण, वामकुक्षी आणि पत्ते यांना द्यावेत. गावातली दुकानंसुद्धा तेव्हा बंद असतात. सगळं बेटच विसावा घेत असतं. जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री नऊनंतर, त्यामुळे पाचनंतरही हातात मोठी संध्याकाळ उरते.

भारतातून गेलेल्या मुलांचं शरीर उन्हाळ्यात तिथल्या घड्याळाच्या साडेतीन तास पुढे असतं. ती पहाटे उठून बसतात आणि संध्याकाळी पेंगतात. पहिले दोन दिवस त्यांच्याशी भांडू नये. सकाळच्या रिकाम्या, गार पुळणीवर त्यांना न्यावं. गावातल्या खाणावळींत रात्रीचं जेवण आठनंतर सुरू होतं. मुलांना पेलेल अशा वेळी जेवण हवं असेल, तर हॉटेलातलंच बरं, तिथे ते साधारण सात वाजता मिळतं.

पुळणीवरच्या झेंड्यांचा अर्थ मुलांनाही शिकवून ठेवावा. हिरवा असेल तर उतरा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाण्यात जाऊच नका. जेलीफिशचं चित्र असलेला झेंडा दिसला, तर त्या दिवशी तलाव बरा. जांभळट रंगाची छोटी जेलीफिश इथे नेहमीची. तिचा चटका बसला तर जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी. गोड पाणी ओतू नये, वाळूने चोळू नये. त्याने कातडीला चिकटलेले उरलेसुरले काटे फुटतात आणि जळजळ वाढते. श्वास लागला किंवा अंगभर पित्त उठलं, तर थेट जीवरक्षकाकडे किंवा डॉक्टरकडे जावं.

आता हॉटेल

किनारा आणि महिना ठरला, की शेकडो हॉटेलांतून वीस-पंचवीस उरतात. त्यांत चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वाळूपर्यंतची वाट. ‘समुद्रापासून शंभर मीटर’ असं लिहिलेलं असतं. त्या शंभर मीटरांत हमरस्ता आहे की चाळीस पायऱ्या, हे नकाशावर स्वतः पाहावं.

दुसरी, जेवणाची पद्धत. फक्त नाश्ता, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, तिन्ही वेळचं जेवण, किंवा ऑल इन्क्लुझिव्ह, म्हणजे पेयं आणि मधलं खाणंही आलं. सात-आठ वर्षांची, सारखी भूक लागणारी दोन मुलं असतील, तर शेवटचा पर्याय खर्चाला आधीच लगाम घालतो. पण रोज बाहेर फिरणाऱ्यांनी दुपारच्या जेवणाचे पैसे हॉटेलात भरण्यात अर्थ नाही. त्यांना नाश्ता आणि रात्रीचं जेवण पुरे. या प्रकारात जेवणासोबतचं पाणीसुद्धा कधीकधी वेगळं लावतात, ते आधी विचारावं. तान्हं बाळ किंवा पथ्याचे आजोबा सोबत असतील, तर छोटं स्वयंपाकघर असलेली हॉटेल-अपार्टमेंट घ्यावी. संध्याकाळी मऊ वरणभात करता येणं ही तिथली सगळ्यांत मोठी सोय ठरते.

शाकाहारी मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं: वांगी, बटाटे आणि ढोबळी मिरची तळून टोमॅटोच्या रसात थर लावलेलं तुंबेत हे इथलं अस्सल आणि पोटभरीचं जेवण. पावावर टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घालून देतात ते पा आम्ब ओली मुलंही आवडीने खातात; त्यावर हॅम नको, असं आधीच सांगावं. गोगलगाईसारखी वळलेली, साखर भुरभुरलेली एन्साइमादा मात्र परंपरेने डुकराच्या चरबीत होते.

तिसरी, मुलांचा तलाव. तो मोठ्यांच्या तलावापासून वेगळा आहे का, त्यावर सावली आहे का, जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो, हे पत्र लिहून विचारावं.

चौथी, विमानतळापासूनचं अंतर. पाल्माहून आल्कुदियाला गाडीने तासभर लागतो. दहा हॉटेलांशी थांबणारी बस दुप्पट वेळ घेते. स्पेनमध्ये १३५ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलांना गाडीत मागे, त्यांच्या मापाच्या खास आसनावरच बसवावं लागतं. भाड्याची गाडी ठरवताना ते आसन आधी नोंदवावं. भारतीय परवान्यावर गाडी चालवायची, तर आंतरराष्ट्रीय परवानाही सोबत हवा.

कागदपत्रं

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. सुट्टीच्या मोसमात भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून जूनसाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच तयारीला लागावं. जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५ युरो आहे. सहाच्या आतल्यांना माफ. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. लंडन किंवा मँचेस्टरला स्थायिक झालेल्या मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना ब्रिटनच्या व्हिसावर मायोर्काला जाता येत नाही, आणि भारतीय पारपत्र असेल तर त्या मुलालाही शेंगेन व्हिसा लागतो. जर्मनीत निवासाचा परवाना असलेल्यांना वेगळा व्हिसा नको. या फरकापायी ऐन वेळी घरातलं एकच माणूस मागे राहण्याची पाळी येते.

युरोपात किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी विमान आणि हॉटेल एकाच कंपनीकडून एकत्र घेतलं, तर कायद्याने संरक्षण मिळतं. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली तेव्हा तिचे सुमारे सहा लाख प्रवासी परदेशांत होते. त्यांतल्या दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवाशांना परत आणण्याची व्यवस्था सरकारी यंत्रणेने केली. (भारतातली त्याच नावाची कंपनी २०१२ पासूनच वेगळी आहे.) सुटं सुटं घेणाऱ्याला तुटलेला प्रत्येक दुवा स्वतः जोडावा लागतो.

हॉटेलात दर रात्रीमागे माणशी पर्यटन कर द्यावा लागतो. तो हॉटेलच्या दर्जावर आणि मोसमावर ठरतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना तो नाही.

बेटाचंही भलं

पुळणीवर तपकिरी, फितीसारख्या पानांचे ढीग दिसले, की अनेकांना किनारा घाण वाटतो. ती पोसिडोनिया या वनस्पतीची पानं. ती शेवाळ नाही. समुद्राच्या तळाशी वाढणारी, फुलं येणारी ही वनस्पती फक्त भूमध्य समुद्रात होते. तिची कुरणं पाणी नितळ ठेवतात, लाटांचा जोर कमी करतात. त्यांत राहणाऱ्या जिवांच्या शिंपल्या-कवचांच्या चुऱ्यातून इथली पांढरी वाळू तयार होते, आणि ते ढीग हिवाळ्यात ती वाळू वाहून जाऊ देत नाहीत. २०१८ पासून या कुरणांवर नांगर टाकायला कायद्याने बंदी आहे. होडी भाड्याने घेणाऱ्याने ते नावाड्याला विचारलंच पाहिजे.

बालेआरिक बेटांची लोकसंख्या सुमारे १२ लाख, आणि २०२४ साली तिथे १.८७ कोटी पर्यटक आले. घरभाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली. त्या वर्षी जुलैमध्ये पाल्माच्या रस्त्यांवर हजारो लोक याविरुद्ध उतरले. त्यांचा राग समजून घेणं हे पाहुण्याचं कर्तव्य आहे. निवासी इमारतींतली बिनपरवाना घरं घेऊ नयेत, पाणी जपून वापरावं, जिथे बस जाते तिथे बसने जावं, आणि आल्कुदियाच्या मंगळवार-रविवारच्या बाजारात फळं-भाजी घ्यावी.

गंमत अशी, की बेटाला जे हवं आहे तेच आपल्या मुलाबाळांनाही मानवतं. ऑगस्टऐवजी जून किंवा सप्टेंबर घेतला, तर बेटावरचा ताण कमी होतो आणि नातीला खेळायला मोकळी वाळू मिळते. रोज नवं ठिकाण गाठण्याऐवजी एकाच किनाऱ्यावर आठवडा काढला, तर रस्त्यावर एक गाडी कमी होते आणि आजीचे गुडघे वाचतात. ज्यांच्यासाठी सुट्टी काढली त्यांचं वय आणि तब्येत समोर ठेवून किनारा निवडला, की उरलेले बहुतेक निर्णय आपोआप सोपे होतात. म्हणून घरात पहिली बैठक होईल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा, मायोर्काचा नकाशा मध्ये पसरा, आणि घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत थोर अशा दोघांना आधी विचारा, त्यांना दिवसभर काय करायला आवडेल.